यात्रेत पडलेला कॅमेरा आणि त्याचं एस्टिमेट

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गर्दीचा धक्का लागला आणि ट्रायपॉडसकट कॅमेरा आडवा. चालू होत होता, पण फोकस लागेना. लेन्सची रिंग फिरवली की आत धुळीची करकर.

जळगावच्या एका दुकानात दाखवला. "बॉडी गेली भाऊ," म्हणे, तेही न उघडता! सांगितलेल्या आकड्यात जुना चांगला कॅमेरा आला असता. लग्नाचे फोटो काढणाऱ्या मित्राकडून त्याच माउंटची, म्हणजे माझ्या कॅमेऱ्याच्या खाचेत बसणारी लेन्स आणून लावली. फोकस झटकन लागला. म्हणजे बॉडी ठणठणीत, बिघाड लेन्समध्ये. दुकानात जायच्या आधी एवढं घरीच बघून घ्यावं, निम्मी घासाघीस वाचते.

मग दुसऱ्या कारागिराकडून लेखी एस्टिमेट घेतलं: तपासणी, पार्ट, मजुरी वेगवेगळी, वर १८ टक्के जीएसटी. काम नको म्हटलं तर फक्त तपासणीचे पैसे, हेही लिहून घेतलं. पावतीवर लेन्सचा सीरियल नंबर हवाच. बॉडी देणार असाल तर बॅटरी आणि मेमरी कार्ड काढून घ्या.

फोकसची मोटर बदलली, जुनी मागून घेतली. पुढच्या कडेचा पोचा तसाच ठेवलाय. फोटोत तो येत नाही, आणि त्याचे पैसे वेगळे सांगत होते.