भंगारातून लढाऊ रोबो बनवताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी दिवाळी संपली की भोसरीतल्या आमच्या शेडवर इंजिनिअरिंगची मुलं यायला लागतात. हातात जुन्या मारुतीच्या दोन वायपर मोटरी, वर्गणी काढून जमवलेले आठ-दहा हजार, आणि डिसेंबरात पवईला आयआयटीच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर, म्हणजे रिमोटवरच्या रोबोंची झुंज, खेळायचं स्वप्न. तयार किट मागवून नटबोल्ट आवळणाऱ्यापेक्षा रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात उकिडवा बसून मोटरीचा शाफ्ट हाताने फिरवून बघणारा मुलगा जास्त शिकतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच एकाच चुकीने दरवर्षी नव्या टीमचे पैसे जळताना बघून जीव तुटतो.

वायपर मोटर थेट लोखंडी चेसिसवर (सांगाड्यावर) बसवणे

ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की शेडमध्ये शिरणाऱ्या प्रत्येक टीमला पहिला प्रश्न हाच विचारतो: मोटरीची बॉडी तपासली का?

तीन वर्षांपूर्वी एक टीम रात्री साडेनऊला आली. एमएसच्या (साध्या पोलादाच्या) चौकोनी पाइपची चेसिस, वेल्डिंग देखणं, दोन वायपर मोटरी घट्ट आवळलेल्या. मोटरींना वीज सोडणारे दोन ड्रायव्हर बोर्ड जळले होते, तिसरा उसने पैसे घेऊन पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून आणलेला. दुकानदाराने डुप्लिकेट माल दिला म्हणून मुलं चिडली होती.

"सरळ जातो का?"

"जातो दादा. मागेपण येतो."

"मग कधी जळतो?"

"वळवला की."

तेवढ्यावरूनच मला कळलं. मल्टिमीटर बीपवर ठेवला, एक टोक मोटरीच्या वायरला लावलं, दुसरं चेसिसला. बीप वाजला.

बऱ्याच जुन्या गाड्यांच्या वायपर मोटरीत एक ब्रश (वीज आत नेणारा कार्बनचा तुकडा) आतून थेट बॉडीला जोडलेला असतो. गाडीत ते बरोबरच आहे, कारण तिथे सगळा पत्रा बॅटरीच्या निगेटिव्हला असतो आणि मोटर कधी उलटी फिरवायची नसते. रोबोत ड्रायव्हर वायरींचा प्लस-मायनस उलटवतो. मोटरींची तोंडं त्या मुलांच्या रोबोसारखी एकाच बाजूला असतील, तर दोन्ही एका दिशेने चालवल्या की दोन्ही बॉडी एकाच टोकाला असतात, म्हणून काही होत नाही. रोबो जागेवर वळवायला एक पुढे आणि एक मागे चालवली की एकीची बॉडी प्लस होते, दुसरीची मायनस, आणि मधे असते तुमची सुंदर वेल्डिंग केलेली चेसिस. म्हणजे बॅटरी सरळ शॉर्ट. त्या मुलांनी मोटरी टेबलावर सुट्या ठेवून तासभर तपासल्या होत्या. सुट्या असताना हा दोष दिसणारच नाही.

उपाय दोन आहेत. मोटर उघडून बॉडीला गेलेलं ब्रशचं टोक सोडवायचं आणि वेगळी वायर बाहेर काढायची, नाहीतर मोटर नायलॉनच्या जाड पट्टीवर, बोल्टला नायलॉन बुश (नळकांडी) घालून बसवायची. मी पहिला उपाय करतो. दुसऱ्यात एक फसगत आहे. गिअरचा शाफ्टही बॉडीलाच टेकलेला असतो, त्यामुळे चाकाला चेन लावली की वीज चेनवाटे पुन्हा चेसिसवर येते. बुश घालून निर्धास्त झालेली एक टीम मला याच कारणाने दोनदा भेटली.

याच मोटरीबद्दल आणखी थोडं. तिच्यात तीन ब्रश असतात: एक सामाईक, एक हळू वेगाचा, एक जलद वेगाचा. जलदवाला ब्रश मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो, म्हणून सुलट आणि उलट वेग सारखा मिळत नाही. डावी-उजवी मोटर समोरासमोर तोंड करून बसवली, तर सरळ जाताना एक नेहमी उलटीच फिरणार आणि रोबो एका अंगाला ओढणार. सामाईक आणि हळू वेगाचा ब्रश वापरा, उरलेला फरक रिमोटच्या ट्रिमने (बारीक फरक जुळवायच्या बटणाने) काढा. वेगाचा हिशोबही आधी करा. मिनिटाला ६० फेरे आणि १५ सेंटिमीटरचं चाक म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. १२ व्होल्टची मोटर २४ व्होल्टवर चालवून हा वेग दुप्पट करता येतो आणि तीन मिनिटांची लढत ती सहसा काढते. सरावात मात्र बॉडीला हात लावून बघत जा, चटका बसला की थांबा.

ड्रायव्हर स्वस्तातला घेणे

एल२९८ हा बोर्ड खेळण्यातल्या मोटरींसाठी आहे. एका बाजूला २ अँपिअर ही त्याची मर्यादा, आणि दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो. अडलेली वायपर मोटर याच्या कितीतरी पट करंट ओढते, आणि समोरच्याला रेटताना मोटर अडणारच. शाफ्ट पाना लावून धरा, क्षणभर वीज द्या, तारेभोवती धरायच्या क्लॅम्प मीटरवर करंटचा आकडा बघा आणि त्याच्या दीडपट क्षमतेचा बोर्ड घ्या. प्रत्येक मोटरीला गाडीतला पट्टीचा फ्यूज वेगळा लावा.

जड आणि गोल दिसलं की शस्त्र समजणे

माझा जीव खरा घाबरतो तो इथे. भंगारात कारच्या ब्रेकची डिस्क मिळते. गोल, जड, मधे भोकं तयार. मुलांना वाटतं फिरणारं शस्त्र आयतंच मिळालं. पण साध्या गाड्यांची ही डिस्क बिडाची असते आणि बीड ठोक्याला वाकत नाही, फुटतं.

एका संध्याकाळी माझ्या नकळत एका टीमने शेडच्या मागे अशी डिस्क फिरवून जुन्या कढईवर आपटली. तळव्याएवढा तुकडा पत्र्याच्या भिंतीतून आरपार गेला. त्या बाजूला कोणी उभं नव्हतं. ते भोक मी अजून बुजवलेलं नाही, नवीन टीम आली की आधी तिथे नेऊन उभी करतो.

आकडाही सांगतो, कारण "जोरात फिरतं" एवढ्याने कोणाला काही कळत नाही. २ किलोची, २० सेंटिमीटर व्यासाची भरीव चकती मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरवली तर तिच्यात साधारण २,००० ज्यूल ऊर्जा साठते. २० किलोचं पोतं १० मीटरवरून खाली पडावं, तेवढी.

शस्त्रासाठी मी ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा वापरतो. भंगारात किलोवर मिळतो आणि पोलाद अस्सल असतं. भंगारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका, तुकडा ग्राइंडरला लावून ठिणगी बघा. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या निघतात. पाट्याच्या ठिणगीला टोकाशी फुलबाजीसारखी फुलं फुटतात. बिडाची ठिणगी आखूड आणि तांबूस. दहा तुकडे लावून बघितले की डोळ्याला सवय होते.

जुना पाटा लाखो खड्डे खाऊन आलेला असतो, त्यामुळे चिरा असतात, विशेषतः मधल्या बोल्टच्या भोकापाशी. पाटा रात्रभर रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये ठेवा, कोरडा पुसा, वर खडूची पूड चोळा. चीर असेल तर थोड्या वेळात पांढऱ्या पुडीवर ओली काळसर रेघ उमटते. रेघ दिसली की तो पाटा पुन्हा भंगारात टाका. "एवढीशी तर आहे" म्हणणाऱ्याला मी मशीनला हात लावू देत नाही.

पाट्याला भोक पाडताना ड्रिल तुटतं म्हणून घाई करून वेल्डिंग करू नका, वेल्डच्या कडेला तडा जातो. लोहाराकडून लाल तापवून घ्या, राखेत पुरून रात्रभर निवू द्या, मग भोकं पाडा, आकार द्या, आणि शेवटी हार्डनिंग-टेम्परिंग (तापवून कडक करणं आणि मग ठिसूळपणा घालवणं) करून आणा. टेम्परिंगचे पैसे वाचवलेत तर पातं काचेसारखं तुटेल. या कामाला चार दिवस लागतात. स्पर्धेला दोन दिवस उरल्यावर येणाऱ्यांना मी सरळ सांगतो की या वर्षी शस्त्राऐवजी पुढे पाचरीसारखी उतरती फाळ लावा आणि ढकलून जिंका.

बाकीच्या

बॅटरी आणि चार्जर भंगारातला नको. सगळं बजेट वाचवून ठेवा, पण ते इथे खर्च करा. लॅपटॉपच्या जुन्या सेलना एवढा करंट झेपत नाही आणि फुगलेल्या लिपोला (लिथियम पॉलिमर बॅटरीला) तर हातही लावू नका. यूपीएसच्या १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या सुरक्षित आहेत, पण चार किलोंच्या वर वजन तिथेच संपतं.

घरातल्या वायरिंगची उरलेली वायर मोटरीला लावू नका.

चाक नुसत्या ग्रब स्क्रूवर (शाफ्टवर दाबून बसणाऱ्या बिनडोक्याच्या स्क्रूवर) अडकवू नका. शाफ्टला चावीची खाच पाडून घ्या.

नट नायलॉकच (आत नायलॉनची कडी असलेले) वापरा.

रोबो विटांवर उचलून ठेवा, चाकं फिरत असताना रिमोट बंद करा. चाकं थांबली नाहीत तर रिसीव्हरचं फेलसेफ (सिग्नल तुटला की मोटरी बंद करणारी सोय) लागलेलं नाही, आणि असा रोबो मी जमिनीवर ठेवू देत नाही. बॅटरीची वीज तोडणारा, हाताने उपसता येईल असा मेन लिंक बाहेरच्या बाजूला हवाच, आणि पात्याला अडकवायची खीळ लिंक लावण्याआधी लावायची आणि रोबो रिंगणात जाईपर्यंत तशीच ठेवायची.

वजन शेवटी करू नका. १५ किलोच्या गटासाठी मी १४ धरून चालतो, कारण वायरी, नटबोल्ट आणि वेल्डिंग मिळून तो किलो खातातच.

आणि रोबो आदल्या रात्री पूर्ण करू नका. ज्याच्या हातात रिमोट देणार आहात त्याला आठवडाभर तरी तो चालवू द्या. रोबो तोंड करून समोर आला की डावं-उजवं उलटं होतं आणि नवखा मुलगा नेमका तिथे गडबडतो. शेडसमोरच्या कोब्यावर मी खडूने चौकोन आखून ठेवला आहे, मधे दोन जुने टायर टाकले आहेत. पात्याशिवायचा रोबो घेऊन कोणत्याही रविवारी दुपारी या.