वृद्धाश्रमात फ्लू शिरला तर तापाची वाट पाहू नका

नाशिकला गंगापूर रोडकडच्या एका वृद्धाश्रमात मी सिस्टर आहे. नव्या मावश्यांना माझं पहिलं सांगणं हेच असतं की, थर्मामीटरवर विसंबू नका. ऐंशीच्या पुढच्या माणसाला फ्लू होऊनही ताप 99 च्या वर न जाणं अगदी शक्य आहे. आजींनी सकाळचा चहा तसाच ठेवला, बाथरूमला जाताना तोल गेला, काल नावाने हाक मारणाऱ्या आजोबांनी आज "तुम्ही कोण?" विचारलं, तर वहीत वेळ घालून लिहा. खोकला असेल तर तोही.

72 तासांत दोघांची अशी नोंद झाली की साथ आली असंच धरून चालायचं. डॉक्टरांना लगेच फोन करा, नाकाचा स्वॅब पाठवा, पण रिपोर्टसाठी काही अडवून ठेवू नका. ओसेल्टामिविर हे फ्लूच्या विषाणूवरचं औषध लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू झालं तर त्याचा खरा उपयोग. खोलीतल्या बाकीच्यांना त्याचाच प्रतिबंधक डोस द्यायचा का, हेही तेव्हाच विचारा. तो निदान दोन आठवडे चालतो. स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक देऊ नका, विषाणूवर ते चालत नाही.

आजाऱ्याला वेगळी खोली द्या. नसेल तर आजारी खाटा एका बाजूला घ्या, मध्ये निदान एक मीटर अंतर आणि पडदा. त्यांच्यासाठी एकच मावशी नेमा. मास्क लावून, आणि तिने स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. जेवण खोलीत. संध्याकाळचं भजन बंद, कारण सगळे गुडघ्याला गुडघा लावून बसतात ते तिथेच. जानेवारीत आपल्याकडे थंडी कडाक्याची, म्हणून सगळ्या खिडक्या गच्च लावलेल्या असतात. कानटोपी, स्वेटर घालून बसवा, पण दुपारी ऊन आलं की खिडक्या उघडाच. निदान सात दिवस, आणि ताप उतरून 24 तास होईपर्यंत, आजारी माणूस वेगळाच राहू द्या.

मावशी खोकत असेल तर घरी पाठवा, पगार न कापता. हे मी ट्रस्टींनाही स्पष्ट सांगते. पगार कापला की बाई आजार लपवून कामावर येते, आणि तिच्याच हातून आजोबांना पेज भरवली जाते.

लघवी कमी झाली, श्वास जोरात चालू लागला, ऑक्सिजन 94 च्या खाली आला, किंवा बरं वाटून पुन्हा ताप चढला, तर दवाखान्यात हलवा. हा न्यूमोनिया असू शकतो.

आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात वाढतो, मग पुन्हा थंडीत. लसीचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, म्हणून मे महिन्यातच घ्या, दरवर्षी. आजी-आजोबांना, आणि मावश्या, स्वयंपाकी, वॉचमन यांनाही. तेव्हाच प्रत्येक आजी-आजोबांचं क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते सांगणारी रक्ततपासणी) तपासून रिपोर्ट फाईलच्या पहिल्या पानाला लावा. किडनी कमजोर असली की ओसेल्टामिविरचा डोस बदलतो, आणि रात्री फोन केल्यावर डॉक्टर आधी तेच विचारतात.