बंद पडलेल्या कोळसा-पोलाद पट्ट्याचा कायापालट खरंच झालाय का, हे कसं तपासायचं

जुन्या झोतभट्टीवर (खनिजापासून लोखंड काढायची मोठी भट्टी) रंगीत लाइट सोडलेत, खाली लोक फिरतायत, बाजूला म्युझियम, असा फोटो टाकून 'बघा या भागाचा कसा कायापालट झाला' असं सांगितलं जातं. फोटो खरा असतो, पण तेवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही. जर्मनीतलं रूर खोरं, स्पेनमधलं बिल्बाओ, अमेरिकेतलं पिट्सबर्ग ही तीन नावं या विषयात हमखास येतात आणि तिन्हीकडून शिकण्यासारखं खूप आहे, फक्त त्यासाठी प्रश्न एका क्रमाने विचारत जावं लागतं. उद्योग किती वेगाने गेला, जमीन कोणाच्या ताब्यात होती, पाण्याचं काय झालं, कामावरची माणसं कुठे गेली, नवीन काय आलं आणि ते टिकलं का. म्युझियम सगळ्यात शेवटी. मी रूरवर जास्त लिहितोय कारण तिथे यातल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं नीट सापडतात.

सुरुवात दोन तारखांपासून करा: घसरण कधी लागली आणि शेवटचं गेट कधी बंद झालं. 1957 च्या सुमारास पश्चिम जर्मनीच्या दगडी कोळशाच्या खाणींमध्ये 6 लाखांच्या आसपास माणसं कामाला होती, त्यातली बहुतेक रूरमध्ये. 1958 पासून स्वस्त तेल आणि बाहेरून येणारा स्वस्त कोळसा यांनी धंदा खाली खेचायला सुरुवात केली, आणि बोट्रॉपची प्रोस्पर-हानिएल ही शेवटची खाण बंद झाली 21 डिसेंबर 2018 ला. म्हणजे मधे तब्बल 60 वर्षं! हे आपोआप झालं नाही. 1968 मध्ये बहुतेक खाण कंपन्या एकत्र करून रूरकोले ही एकच कंपनी केली, सबसिडी दिली, पन्नाशीच्या खाण कामगारांना लवकर पेन्शनची सोय केली, तरुणांना एका खाणीतून दुसऱ्या खाणीत हलवलं. आता याच्याशेजारी अमेरिकेतलं यंग्सटाउन ठेवा. 19 सप्टेंबर 1977 ला, एका सोमवारी, तिथला मोठा पोलाद कारखाना बंद होणार असं जाहीर झालं आणि 5 हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्या दिवसाला तिथे अजूनही काळा सोमवार म्हणतात. दोन्हीकडे उद्योग गेलाच, पण एकीकडे घरातल्या पुढच्या पिढीला दुसरं काहीतरी शिकायला वेळ मिळाला, दुसरीकडे तो मिळालाच नाही, आणि पुढच्या कितीतरी गोष्टी इथेच ठरून जातात. संथपणाची किंमतही लिहून ठेवा मात्र, कारण जो अब्जावधींचा पैसा कोळसा जगवायला गेला तो नव्या धंद्यांना मिळाला नाही, आणि रूरवर ही टीका जर्मनीतच भरपूर झालीय. माझं मत विचाराल तर वेळ विकत घेणं बरोबर होतं, पण त्या मिळालेल्या वेळात काय केलं हे वेगळं तपासायचं.

जमिनीचा प्रश्न लोक बहुतेक वेळा विसरतात. कारखाना बंद झाला म्हणजे जागा मोकळी झाली असं होत नाही. रूरमध्ये 1960-70 च्या दशकांत कोळसा आणि पोलाद कंपन्यांकडे प्रचंड जमीन होती आणि ती विकायला त्या तयार नव्हत्या, कारण नवा उद्योग आला की कामगार तिकडे जाणार आणि मजुरी वाढणार, शिवाय जमिनीखालच्या प्रदूषणाची जबाबदारी कोण घेणार हाही प्रश्न होताच. त्यामुळे कोळसा घसरतोय आणि नव्याला जागा मिळत नाही अशी कोंडी झाली. ती फुटायला लागली 1980 च्या सुमारास, राज्य सरकारने एक जमीन निधी काढून पडीक औद्योगिक जागा स्वतः विकत घ्यायला, साफ करायला आणि मग पुढे द्यायला सुरुवात केली तेव्हा. बिल्बाओने हेच वेगळ्या पद्धतीने केलं. 1992 मध्ये बिल्बाओ रिआ 2000 नावाची संस्था काढली, तिच्यात केंद्र सरकारकडच्या आणि बास्क प्रांताकडच्या संस्था एकत्र बसल्या, नदीकाठच्या रेल्वेच्या आणि बंदराच्या जागा एका हाताखाली आल्या, शहराच्या मधल्या महाग जागा विकून आलेला पैसा बाराकाल्डोसारख्या कामगार वस्त्यांच्या कामात घातला. म्हणून कोणताही पट्टा अभ्यासताना सरळ विचारा, बंद कारखान्याची जमीन आज कोणाच्या नावावर आहे आणि माती साफ करायचं बिल कोणी भरलं. याचं उत्तर मिळत नसेल तर बाकीच्या गोष्टींवर लगेच विश्वास ठेवू नका.

आता पाणी. माझ्या मते खरी परीक्षा इथे आहे आणि म्हणून यावर थोडं जास्त. एमशर ही रूरच्या मधून वाहणारी छोटी नदी. 100 वर्षांहून जास्त काळ ती सगळ्या भागाचं उघडं गटार होती, काँक्रीटच्या सरळ नाल्यात बांधलेली, घरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी थेट तिच्यात. लोकांना वाटतं हा निव्वळ निष्काळजीपणा, पण कारण तांत्रिक होतं: खाली खाणी चालू असल्यामुळे जमीन सतत खचत होती, जमिनीखाली पाइप टाकले असते तर तुटले असते, म्हणून सांडपाणी उघड्यावरून न्यायचं ठरलं. 1899 मध्ये त्यासाठी एक सहकारी संस्था निघाली, गावं आणि खाणी-कारखाने तिचे सभासद आणि खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायचा. खाणकाम उत्तरेकडे सरकलं, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे जमिनीखालून गटार टाकणं शक्य झालं. 1992 पासून काम सुरू झालं, सुमारे 30 वर्षं चाललं, साडेपाच अब्ज युरोंच्या आसपास खर्च आला, आणि 2021 च्या अखेरीस एमशरमध्ये सांडपाणी सोडणं बंद झालं. 30 वर्षांत किती सरकारं बदलली असतील, किती वेळा कुणीतरी म्हणालं असेल की एवढा पैसा नाल्यात कशाला, तरी काम थांबलं नाही याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

आणि तरीही पाण्याचा हिशोब संपलेला नाही. कोळसा काढून काढून रूरची जमीन काही ठिकाणी 20 मीटरपेक्षा जास्त खाली गेलीय. तिथे पंप चालू आहेत आणि ते कायम चालू ठेवावे लागणार, बंद केले तर मोठी वस्ती पाण्याखाली जाईल. खाणींच्या आतलं खारं पाणीसुद्धा उपसत राहावं लागतं, नाहीतर ते वर येऊन पिण्याच्या पाण्यात मिसळण्याचा धोका. जर्मनीत याला 'कायमची ओझी' अशा अर्थाचा शब्दच आहे. याचा खर्च कोण करतं? 2007 मध्ये कोळशाची सबसिडी थांबवायचं ठरलं त्याच वर्षी आरएजी (रूरकोलेचंच पुढचं नाव) फाउंडेशन काढलं, त्याच्याकडे जुन्या कोळसा कंपनीचा रसायन उद्योग म्हणजे आजची एव्होनिक कंपनी दिली, आणि 2019 पासून त्यातल्या लाभांशावर आणि बाकी गुंतवणुकीवर हे पंप चालतात. खाण बंद व्हायच्या 11 वर्षं आधी हा बंदोबस्त झाला होता हे लक्षात घ्या. दुसऱ्या कुठल्याही पट्ट्याबद्दल वाचताना हेच शोधा, उद्योग गेल्यानंतरची कायमची कामं कोणती आणि त्यांच्यासाठी पैसा आधीच बाजूला काढलाय का, की सगळं येणाऱ्या करदात्यांवर सोडलंय.

माणसांकडे येऊ. रूर एवढा मोठा औद्योगिक पट्टा, पण 1965 मध्ये बोखुमचं विद्यापीठ सुरू होईपर्यंत तिथे एकही विद्यापीठ चालू नव्हतं. मग डॉर्टमुंड, एसेन, डुइसबुर्ग, हागेन असं करत जाळं वाढलं आणि आज त्या भागात अडीच लाखांहून जास्त विद्यार्थी आहेत. पण विद्यापीठाचं फळ यायला 20-30 वर्षं लागतात, त्यामुळे 'विद्यापीठ काढलं तरी बेकारी का' असं पाचव्या वर्षी विचारण्यात अर्थ नाही. उलट एक मोठी कंपनी आणली की प्रश्न सुटला असं वाटतं त्याबाबत सावध राहा. याच बोखुममध्ये 1962 मध्ये जुन्या खाणीच्या जागेवर ओपेलचा कार कारखाना आला, एकेकाळी 20 हजारांच्या वर लोक तिथे होते, 2014 च्या डिसेंबरमध्ये तो बंद झाला. नोकियाचा मोबाईलचा कारखाना अनुदानं घेऊन आला आणि 2008 मध्ये रोमानियाला गेला, तिथूनही काही वर्षांत निघाला. एका शहराने कोळसा, मग फोन, मग कार असे तीन धक्के खाल्ले! ओपेलच्या त्या जागेवर आता एकाच मालकाच्या ऐवजी पार्सलचं मोठं केंद्र, विद्यापीठाच्या संशोधन इमारती, छोट्या-मोठ्या कंपन्या असं मिश्रण आहे, आणि मला ते जास्त भरवशाचं वाटतं. डुइसबुर्गच्या राइनहाउझनमध्ये 1987-88 ला कारखाना वाचवायला कामगारांनी महिनोन्‌महिने लढा दिला, 1993 मध्ये तो बंद झालाच, आणि 1998 पासून तिथे लॉजिस्टिकचं बंदर उभं राहिलं. इथे नोकऱ्यांचा आकडा बघून थांबू नका, पगार आणि नोकरीची शाश्वती बघा, कारण गोदामातली नोकरी आणि युनियन असलेली पोलाद कारखान्यातली नोकरी यांत बराच फरक असतो.

त्यानंतर सगळ्यात अवघड प्रश्न, फायदा कोणाला झाला. यासाठी नकाशाचा स्केल बदलत राहायचं, आधी पूर्ण प्रदेश, मग शहर, मग वस्ती. डॉर्टमुंडच्या हर्डे भागात फीनिक्स-ऑस्ट हा पोलाद कारखाना 2001 मध्ये बंद झाला, सुटा करून चीनला गेला, आणि त्या जागी खड्डा करून 2010 पासून पाणी भरून तलाव केला. तलाव छान आहे, काठावरची घरं महाग आहेत, आणि थोडं पलीकडे जुनी कामगार वस्ती आहे जिचं उत्पन्न त्या घरांच्या जवळपासही नाही. गेल्सेनकिर्खनमध्ये 1950 च्या दशकाच्या शेवटी पावणेचार लाखांहून जास्त लोक राहत होते, आता अडीच-पावणेतीन लाखांच्या मधे, आणि बेकारीत ते अजूनही जर्मनीत वरच्या नंबरांत असतं. पिट्सबर्गचंही तसंच, शहर हॉस्पिटल, विद्यापीठ, रोबोटिक्स यांच्या जोरावर सावरलं, पण मोनोंगाहेला नदीने थोडं वर गेलात की ब्रॅडक लागतं, जिथे एकेकाळी 20 हजारांच्या आसपास वस्ती होती आणि आता 2 हजारसुद्धा नाही. 'पिट्सबर्ग सावरलं' हे वाक्य ब्रॅडकला धरून म्हणता येतं का ते बघा.

आता म्युझियम. बिल्बाओचं गुगेनहाइम ऑक्टोबर 1997 मध्ये उघडलं आणि तेव्हापासून जगभरच्या महापौरांना वाटायला लागलं की एक भन्नाट इमारत बांधली की झालं. तारखा लावून बघा: नदीमुखाच्या सांडपाण्याचं काम 1980 च्या दशकातच सुरू झालेलं होतं, मेट्रो 1995 मध्ये धावायला लागली, बंदर शहरातून समुद्राकडे हलत होतं, जमिनीची संस्था 1992 ची. म्युझियम या सगळ्याच्या वर येऊन बसलं. रूरमध्येसुद्धा एसेनची त्सोलफेराइन खाण 1986 मध्ये बंद झाली आणि जागतिक वारसा यादीत आली 2001 मध्ये. मधल्या काळात 1989 ते 1999 असा 10 वर्षांचा एमशर पार्क कार्यक्रम चालला, ज्यात त्याचे प्रमुख कार्ल गान्झर यांनी कारखाने पाडू नका, आधी थांबा आणि वापर शोधा असा आग्रह धरला. डुइसबुर्गचा पोलाद कारखाना 1985 ला बंद झाला, त्याचं पार्क लँडस्केप आर्किटेक्ट पेटर लाट्स यांनी केलं, गॅसच्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग, कच्चा माल साठवायच्या बंकरच्या भिंतींवर क्लायम्बिंग. तिथे नोकऱ्या फार तयार होत नाहीत आणि तशी अपेक्षाही ठेवू नये, पण जिथे बाप-आजोबा राबले ती जागा लोकांना परत वापरायला मिळाली, याला मोल आहे आणि ते वेगळ्या खात्यात मोजायचं.

हे सगळं चालू प्रकरणावर वापरून बघायचं असेल तर वेल्समधलं पोर्ट टॅलबट घ्या. टाटा स्टीलने तिथली शेवटची झोतभट्टी 30 सप्टेंबर 2024 ला बंद केली, विजेवरची नवी भट्टी 2027-28 च्या सुमारास सुरू करायचा बेत आहे, म्हणजे मधे काही वर्षांची पोकळी, आणि नव्या भट्टीला माणसंही बरीच कमी लागतात. डुइसबुर्गमध्ये थिसेनक्रुपने नोव्हेंबर 2024 मध्ये 2030 पर्यंत पोलाद विभागातल्या 27 हजार नोकऱ्या 16 हजारांवर आणायचं जाहीर केलं. दोन्हींसाठी एक वही करा आणि दरवर्षी त्याच पाच गोष्टी नोंदवा: कमी झालेले लोक कुठल्या कामाला आणि किती पगारावर लागले, 25 वर्षांखालचे किती जण गाव सोडून गेले, मोकळी झालेली जमीन कोणाकडे गेली, माती-पाण्याच्या साफसफाईचा खर्च कोणाच्या नावावर आहे, आणि सरकारी पैसा कोणत्या अटींवर दिलाय. पहिली दोन-तीन वर्षं आकडे बरे दिसू शकतात कारण भरपाईचा पैसा गावात फिरत असतो, त्यामुळे निष्कर्ष चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत राखून ठेवा.