एमबीएला ‘सस्टेनेबल बिझनेस’ शिकवताय? या चुका टाळा

तिसऱ्या सेमिस्टरला इलेक्टिव्ह निवडायची वेळ आली की सीनियर मुलं ज्युनियरना सांगतात, ‘सस्टेनेबिलिटी घे, स्कोअरिंग आहे.’ ऐकायला बरं वाटतं, पण शिकवणाऱ्याने इथेच सावध व्हायला हवं. ज्या तासाला कुणी कुणाशी भांडत नाही, सगळे माना डोलावतात, तो विषय स्कोअरिंग असणारच. शेजारच्या वर्गात मुलांना खर्च कमी करायला, विक्री वाढवायला, भागधारकांना परतावा द्यायला शिकवतात. आपला विषय या तिन्हींच्या आड नेमका कधी येतो, हे वर्गात निघालंच नाही तर मुलं दोन्ही गोष्टी दोन वेगळ्या वह्यांत लिहून मोकळी होतात. पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच आहे.

हिमनगापासून सुरुवात

पहिल्या तासाला वितळणारे हिमनग आणि शाश्वत विकासाची १९८७ची ब्रुंटलँड आयोगाची व्याख्या. मुलांनी हे शाळेपासून ऐकलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर पदवीलाही पर्यावरण अभ्यास सक्तीचा झाला, तिथे प्रोजेक्टची फाईलसुद्धा भरून झाली. मग फळ्यावर येतात तीन वर्तुळं: पीपल, प्लॅनेट, प्रॉफिट. जॉन एल्किंग्टन यांनी १९९४ मध्ये ‘ट्रिपल बॉटम लाइन’ची कल्पना मांडली, हे आपण सांगतो. २०१८ मध्ये त्यांनी स्वतःच ती ‘परत मागवतो’ असं जाहीर केलं, कारण कंपन्यांनी तिचा नुसता हिशेबी सोपस्कार करून टाकला होता. हे सांगायचं मात्र राहून जातं, आणि शिकवण्यासारखं खरं तर तेच आहे.

त्यापेक्षा पहिल्याच तासाला एक निर्णय समोर ठेवा. एमआयडीसीतला एक रंग-प्रक्रियेचा कारखाना. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा, चोवीस तास चालवायची तर विजेचा आणि रसायनांचा खर्च अंगावर येतो. शेजारचे रात्री ती बंद ठेवतात अशी कुजबुज आहे. गिऱ्हाईक दर वाढवून द्यायला तयार नाही. तुम्ही प्लँट मॅनेजर आहात, आज रात्रीच्या पाळीला काय सांगाल? व्याख्या तिसऱ्या तासाला आली तरी बिघडत नाही.

सीएसआर (कंपन्यांची सामाजिक जबाबदारी) म्हणजेच सस्टेनेबिलिटी, असं होऊ देणं

प्रेझेंटेशन द्यायला सांगितलं की निम्मे गट झाडं लावणं, शाळेला बाकं देणं आणि रक्तदान शिबिर घेऊन येतात. दोष मुलांचा नाही, आपण फरक स्पष्ट केलेला नसतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५ प्रमाणे ५०० कोटींचं नेटवर्थ, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही अट लागू झाली तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सीएसआरवर खर्च करावी लागते. कंपनीचा जो नेहमीचा धंदा, त्यातलं काम सीएसआर म्हणून धरायचं नाही, असा नियमच आहे. म्हणजे सीएसआर हा नफा झाल्यानंतरचा प्रश्न. आपला विषय तो नफा कसा झाला हे विचारतो. एवढं एकदा ठणकावून सांगितलं आणि झाडांच्या स्लाइडला शून्य गुण दिले, की पुढच्या बॅचपर्यंत निरोप आपोआप पोहोचतो.

‘सगळ्यांचाच फायदा’ अशीच उदाहरणं निवडणं

एलईडी दिवे लावले, वीजबिल उतरलं, कार्बनही कमी झाला. असल्या उदाहरणात शिकण्यासारखं काही नसतं. तो निर्णय कुणीही घेईल. पैसे आणि पाणी एकमेकांविरुद्ध उभे राहतात तिथे विषय सुरू होतो, आणि महाराष्ट्रात अशी केस शोधायला हार्वर्डच्या कॅटलॉगपर्यंत जावं लागत नाही.

साखर कारखाना घ्या. सहकारी कारखान्यात ऊस घालणारा सभासदच मालक असतो आणि तोच पुरवठादारही. स्टेकहोल्डरची, म्हणजे हितसंबंधीयांची, सगळी गुंतागुंत एका माणसात आलेली. उसाला एफआरपीचा, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान दराचा, आधार आहे आणि कारखाना ऊस नेणार याचा भरवसा. तूर-हरभऱ्याला हमीभाव जाहीर होतो, पण सगळा माल त्या भावाने उचलला जाईलच असं नसतं. मग पाणी कमी असलेल्या तालुक्यातला शेतकरी ऊस लावतो, यात त्याचं काय चुकलं? एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखाने तेव्हाही होतेच.

आता यात पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल घाला. कच्च्या तेलाची आयात घटते, कारखान्याला पैसा लवकर मिळतो, बँक खूश. पण पाण्याचा प्रश्न तसाच राहतो आणि धोरणाची जोखीम वर चढते. साखर कमी होणार असं दिसताच ७ डिसेंबर २०२३ला केंद्राने उसाचा रस आणि पाक इथेनॉलसाठी वापरायला मनाई केली, आणि आठवडाभरात ती थोडी सैलही केली. ज्यांनी कर्ज काढून डिस्टिलरी उभारली होती त्यांचं त्या आठवड्यात काय झालं असेल?

वर्गात पाच जण उभे करा: कारखान्याचे चेअरमन, कार्यकारी संचालक, ऊस उत्पादक सभासद, त्याच तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी आणि जिल्हा बँकेचा अधिकारी. विषय एकच: डिस्टिलरीची क्षमता वाढवायची की ठिबकला अनुदान द्यायचं? दोन्हींना पैसे पुरणार नाहीत. तासाच्या शेवटी ‘बरोबर उत्तर’ सांगायचा मोह टाळा. निदान पुढच्या तासापर्यंत तरी.

फक्त आदर्श कंपन्या दाखवणं

युनिलिव्हरने २०१० मध्ये आणलेली शाश्वततेची दहा वर्षांची योजना जगभरच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवली जाते. जरूर शिकवा. पण त्याच समूहाच्या भारतीय कंपनीचा कोडाईकनालचा पाऱ्याच्या थर्मामीटरचा कारखाना त्याच तासाला शिकवा. पारा लागलेल्या काचेचा कचरा भंगारवाल्याकडे सापडल्यावर २००१ मध्ये तो बंद पडला, आणि ५९१ माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं. फोक्सवागनचंही तसंच. डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन चाचणीतली लबाडी सप्टेंबर २०१५ मध्ये उघडी पडली, तेव्हा ही कंपनी डाऊ जोन्सच्या शाश्वतता निर्देशांकात मानाने बसलेली होती.

यावरून मुलांनी ‘सगळं ढोंग आहे’ असा निष्कर्ष काढला तर तीही चूकच. त्यांना विचारा: निर्देशांक बनवणारे कशाला गुण देत होते? धोरणाच्या कागदाला की धुराड्यातून निघणाऱ्या धुराला?

आकड्यांना भिणं

या विषयाचे बरेच प्राध्यापक एचआर किंवा मार्केटिंगमधून येतात आणि कार्बनचं गणित ‘तांत्रिक’ म्हणून बाजूला ठेवतात. गणित पाचवीच्या गुणाकाराएवढं आहे. आपल्या ग्रिडच्या एका युनिट विजेमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो; केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी हा आकडा प्रसिद्ध करतं. एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.७ किलो. कॉलेजचं वीजबिल मागवा. समजा महिन्याला २०,००० युनिट आले, तर १४ टन झाले. जनरेटरचं डिझेल स्कोप १ मध्ये (आपण स्वतः जाळलेलं इंधन), वीज स्कोप २ मध्ये (विकत घेतलेली ऊर्जा). कॅन्टीनचा गॅस कुठे धरायचा, कंत्राटदार वेगळा असेल तर काय, आणि रोज दुचाकीवरून येणाऱ्या मुलांचं पेट्रोल कुणाच्या खात्यात, या वादात स्कोप ३ (आपल्यामुळे, पण दुसऱ्यांकडून होणारं उत्सर्जन) जितका कळतो तितका दहा स्लाइडमध्ये कळत नाही.

बीआरएसआरचंही, म्हणजे कंपनीच्या जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचंही, तेच. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचिबद्ध कंपन्यांना हा अहवाल सक्तीचा केला. आपण त्याची नऊ तत्त्वं पाठ करून घेतो. त्यापेक्षा एकाच उद्योगातल्या दोन कंपन्यांचे अहवाल शेजारी ठेवा आणि पाण्याचा किंवा ऊर्जेचा आकडा ‘उलाढालीच्या दर रुपयामागे’ कसा दिलाय ते पाहायला सांगा. मालाचा भाव वाढला की उलाढाल वाढते आणि कारखान्यात काहीही न बदलता हा आकडा सुधारतो! हे एखाद्या मुलीने स्वतः शोधून काढलं की ती पुढे कुठलाही अहवाल संशयाने वाचेल.

फायनान्सच्या सरांशी न भांडणं

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक. आपण ‘पुढच्या पिढ्या’ म्हणत राहतो आणि शेजारच्या वर्गात त्या पिढ्यांची किंमत शांतपणे शून्याकडे नेली जाते. ५० वर्षांनी होणारं १ कोटी रुपयांचं नुकसान १० टक्के डिस्काउंट रेटने (भविष्यातल्या पैशाची आजची किंमत काढायचा दर) आज आणलं तर जेमतेम ८५ हजार भरतं. ३ टक्क्यांनी आणलं तर जवळपास २३ लाख. नदी तीच, नुकसान तेच, बदलला फक्त दर. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस स्टर्न यांच्या हवामान बदलावरच्या २००६च्या अहवालावर अर्थतज्ज्ञ तुटून पडले ते मुख्यतः या दरावरूनच. त्यांनी तो फार कमी धरला, असं विल्यम नॉर्डहाउस यांच्यासारख्यांचं म्हणणं होतं.

फायनान्सच्या सहकाऱ्याला एका तासासाठी बोलवा आणि मुलांसमोर वाद घाला. ते म्हणतील, कर्ज ११ टक्क्यांनी घेतलंय तर दर ३ टक्के कसा धरू? मुद्दा बिनतोड आहे, त्याला बगल देऊ नका. कारखान्याचा दर आणि नदीकाठच्या गावाचा दर वेगळा का असावा, हे मुलांना मांडू द्या. दोन प्राध्यापक एकमेकांशी असहमत आहेत हे पाहूनच मुलं जागी होतात.

पाहुणे

पाहुणा म्हणून कंपनीचा सीएसआर प्रमुख आला की मुलांना फोटो आणि घोषवाक्यं मिळतात. खरेदी विभागातला माणूस किंवा ईटीपी चालवणारा सुपरवायझर बोलवा. पुण्यात असाल तर कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेतल्या ताईंना बोलवा. कुठलं प्लास्टिक विकलं जातं आणि कुठलं कुणी हातातही घेत नाही, हे पॅकेजिंगच्या पुस्तकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं. मानधन मात्र कॉर्पोरेट पाहुण्याला देता तेवढंच द्या.

परीक्षा

‘शाश्वत विकासाचे महत्त्व सांगा’ या प्रश्नाचं उत्तर चॅटबॉट दहा सेकंदांत देतो, आणि चांगलं देतो. विद्यापीठाचा पेपर आपल्या हातात नसला तरी इंटर्नल आपल्या हातात आहे. तिथे एक पानाचं टिपण मागा: संचालक मंडळाला उद्देशून, एक शिफारस, तिची किंमत, तिने कुणाचं नुकसान होईल त्याचं नाव. या शेवटच्या कलमाला सर्वांत जास्त गुण ठेवा.

वर्गात अडलं तर

‘सर, यात जॉब आहेत का?’ हा प्रश्न पहिल्या आठवड्यातच येतो. फुगवून सांगू नका. सस्टेनेबिलिटी मॅनेजर अशी पाटी असलेल्या जागा मोजक्याच असतात. पण बीआरएसआर भरणाऱ्या कंपन्या पुरवठादारांना प्रश्नावल्या पाठवू लागल्यात, आणि युरोपला पोलादाचे नटबोल्ट पाठवणाऱ्याला १ जानेवारी २०२६ पासून तिथल्या सीमेवरच्या कार्बन शुल्काचा पूर्ण नियम लागू झालाय. ते कागद खरेदीत, निर्यातीत, अकाउंट्समध्ये बसलेल्या माणसालाच भरावे लागतात.

वर्गात कुणाच्या घरचा प्लास्टिकचा कारखाना असतो, कुणाचा वीटभट्टीचा धंदा. तो मुलगा एक दिवस चिडून म्हणतो, ‘सर, तुम्हाला बोलायला काय जातंय?’ त्याला गप्प करू नका आणि समजूतही घालू नका. पुढची केस त्याच्या घरच्या धंद्याची ठेवा, त्याची तयारी असेल तर खरे आकडे घेऊन, नाव झाकून.

आणि वर्ग नुसताच माना डोलावत असेल तर आपण निवडलेला प्रश्न फारच सोपा आहे. केस बदला.