मुंबईतला लाव्हा बघायला निघण्याआधी

बॅग भरायच्या आधी एक प्रश्न डोक्यात पक्का करून घ्या: समोरचा दगड जमिनीवर निवला, पाण्यात निवला, की स्फोटात उडून पडला? दख्खनचा लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वाहिला आणि झिजून झिजूनही तो आज जवळपास ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. सह्याद्रीत दिवसभर चाललात तरी बहुतेक ठिकाणी पहिलंच उत्तर मिळतं. मुंबईचे बरेच खडक मात्र या घडामोडीच्या शेवटच्या टप्प्यातले आहेत, आणि इथे तिन्ही उत्तरं लोकलच्या पासावर हिंडून मिळतात. त्यामुळे पायांपेक्षा डोळ्यांची तयारी जास्त करा.

ती तयारी स्टेशनवरच सुरू करता येते. रुळांखालची खडी म्हणजे बेसाल्ट, हाच लाव्हा निवून झालेला काळा दगड. फलाटावरूनच बघा: ताजी फुटलेली बाजू काळपट निळी दिसते, जुनी बाजू तपकिरी. दगडातलं लोह गंजून तो रंग येतो. उघड्यावरच्या कातळाचं आपल्याला बहुतेक हे जुनं कवचच दिसतं, म्हणून हा फरक आधी नजरेत बसलेला बरा.

दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातला निवडा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं आणि मार्चनंतर काळा दगड सकाळी दहालाच तापायला लागतो. वांद्र्याच्या बॅंडस्टँडचे खडक बघायचे असतील तर ओहोटी सांभाळावी लागेल. कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी बाराच्या आसपास. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या आगेमागे येते, म्हणून ओहोटी सकाळी सहाच्या सुमारास सापडते, आणि त्या दिवसांत पाणी सगळ्यांत लांब हटतं. हा झाला अंदाज. नेमकी वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून जा आणि पाणी फिरायच्या आधी वर या. एकट्याने खडकांवर उतरू नका.

सोबत काय घ्यायचं? घड्याळ दुरुस्त करणारे डोळ्याला लावतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग. एक छोटं लोहचुंबक, दोऱ्याला बांधून: बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात, दोरा दगडाकडे किंचित ओढला जातो. (याच कारणाने कातळाला टेकवलेल्या होकायंत्रावर विसंबू नका.) फोटोत आकार कळावा म्हणून एक नाणं. प्यायच्या पाण्याखेरीज एक छोटी बाटली साध्या दगडावर शिंपडायला, कारण ओल्या दगडातले कण आणि बुडबुड्यांच्या जागा स्वच्छ दिसतात. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे ‘भूकोश’ या संकेतस्थळावर आहेत, ते आदल्या रात्री बघून ठेवा.

हातोडी घरी ठेवा. हे मी कळकळीने सांगतो. अंधेरीच्या गिलबर्ट हिलपाशी उभं राहिलात की कारण समजेल. सुमारे ६१ मीटर उंचीचा हा काळा सुळका इमारती आणि वस्तीच्या मधोमध उभा आहे, आणि आजूबाजूचा दगड खाणींनी केव्हाच नेला. महापालिकेने २००७ साली त्याला वारशाचा दर्जा दिला. जे उरलंय त्याचा कपचाही काढण्याचा हक्क कुणाला नाही. इथे बघायचं ते उभे खांब. लाव्हा निवताना आकसतो, आकसताना तडकतो, आणि तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत शिरतात. त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब तयार होतात. एक खांब निवडून त्याच्या कडा वरपर्यंत नजरेने चढत जा. खांब कुठे सरळ आहेत, कुठे वाकलेत, ते वहीत काढा. काढल्याशिवाय वाकलेले लक्षातच येत नाहीत. सुळक्याच्या अगदी पायथ्याशी रेंगाळू नका, दगड सुटतात. वर गावदेवीचं देऊळ आहे, पायऱ्या आहेत. चपला काढायच्या आणि खालच्या घरांचे फोटो विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

कान्हेरीसाठी वेगळा दिवस ठेवा, फक्त सोमवार नको. बोरिवलीच्या उद्यानाच्या दारापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगवेगळं. शंभराहून अधिक लेणी एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नका. तीन-चार निवडा आणि मूर्तींच्या आधी भिंत बघा. राखाडी गाभ्यात वेगवेगळ्या रंगांचे, धारदार कोपऱ्यांचे तुकडे रुतलेले दिसतील. स्फोटात फुटलेला दगड आणि राख एकत्र घट्ट होऊन हा खडक झाला. तुकड्यांचे कोपरे गोल नाहीत, म्हणजे ते पाण्यातून घरंगळत आलेले नाहीत. तिसऱ्या उत्तराचा पुरावा हाच. इथे भिंग डोळ्याजवळ न्या, भिंतीला टेकवू नका, आणि पाणी अजिबात शिंपडू नका. खाण्याची पिशवी माकडांपासून जपा.

पाण्यातल्या उत्तरासाठी आधी थोडं वाचून ठेवा. वरळीला लाव्हाच्या दोन थरांच्या मधल्या गाळात छोट्या बेडकांचे जीवाश्म सापडले. इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. म्हणजे उद्रेकांच्या मधल्या काळात इथे उथळ पाणी होतं, जीव नांदत होते. ते थर आता शोधत फिरू नका, वर शहर आहे. पण पाण्यात शिरलेला लाव्हा उशांसारखे गोळे करतो आणि त्यांची साल काचेसारखी निवते, एवढं लक्षात ठेवलंत तर किनाऱ्यावरचे खडक वेगळे दिसतील.

फोर्टातली इमारतींची फेरी एका संध्याकाळी होईल. मालाडचा पिवळसर दगड आणि काळा बेसाल्ट शेजारी शेजारी बघा. मालाडच्या दगडात सिलिका (वाळूत असतो तो घटक) जास्त, म्हणून रंग उजळ.

शेवटी पुण्याच्या गाडीत खिडकीची जागा मिळवा. कर्जतनंतर घाटात लाव्हाचे थर जवळजवळ आडवे रचलेले दिसतात. मुंबईकडचे थर मात्र पनवेलच्या आसपास वाकून पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला कललेले आहेत. दोन्हीकडच्या थरांची रेघ वहीच्या एकाच पानावर काढा, खाली तारीख आणि जागा लिहा.