काडी हिरवी दिसते पण मुळं येत नाहीत? घरात काड्या लावताना या चुका टाळा

घरात पहिल्यांदा काड्या लावणाऱ्यांची गोष्ट बहुतेक सारखीच असते. मनीप्लांटची छान लांब वेल तोडली, काचेच्या बाटलीत ठेवली, दहा-बारा दिवस हिरवीगार दिसली, मग खालून देठ काळं पडलं, पाण्याला वास यायला लागला आणि शेवटी टाकून दिली. मग आपण म्हणतो की आपल्या हाताला झाडं लागत नाहीत. हाताचा काही संबंध नसतो हो. मी सांगलीत विश्रामबागला फ्लॅटमध्ये राहते, पूर्वेला एक खिडकी आणि पश्चिमेला गॅलरी, एवढ्याच जागेत हे सगळं करते, आणि माझ्या ज्या काड्या गेल्या त्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या साध्या चुकीनेच गेल्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. काडी झाडापासून तोडली की तिला पाणी प्यायला तोंडच राहत नाही. कापलेल्या टोकातून थोडंफार पाणी चढतं पण ते पुरत नाही, बाकी ती अंगातल्या शिदोरीवर जगत असते. वरून पानं पाणी उडवत राहतात, खाली कापलेल्या जागेवर बुरशी टपून असते, आणि मुळं आधी येतात की शिदोरी आधी संपते एवढाच सगळा मामला आहे. म्हणून काहीही करताना एवढंच विचारा, की याने काडीची शिदोरी वाचतेय का खर्च होतेय?

डोळा नसलेली काडी

ही सगळ्यात मोठी चूक आणि माझीही पहिली हीच. माझे सासरे वाळवा तालुक्यातले, सगळा जन्म उसात गेला, त्यांना आम्ही मामा म्हणतो. ते एकदा फ्लॅटवर आले होते, खिडकीत माझ्या मनीप्लांटच्या काड्या बघितल्या, एक बाहेर काढून फिरवून बघितली आणि म्हणाले, "डोळा कुठं हाय गं ह्येला? डोळा बघितल्याबिगर टिपरी लावत्यात व्हय कुणी?" मी दोन पानांच्या बरोबर मधे कापलं होतं आणि खालचा गुळगुळीत भाग पाण्यात होता, पान जिथून फुटतं ती गाठ, म्हणजेच डोळ्याची जागा, राहिली होती पाण्याच्या वर चार बोटं.

टिपरी म्हणजे लावायचा उसाचा तुकडा. उसाचं बेणं लावताना एक डोळा, दोन डोळे असा हिशोब आपल्याकडे शेतातल्या पोराला पण माहीत असतो, पण तोच नियम घरातल्या वेलीला लागतो हे डोक्यात येत नाही. मनीप्लांट, फिलोडेंड्रॉन, सिंगोनियम यांची मुळं त्या गाठीतूनच येतात, मनीप्लांटला तर गाठीवर तपकिरी छोटा कोंब आधीच दिसतो, ते हवेतलं मूळ असतं. तर गाठीच्या खाली अर्धा-पाऊण इंचावर कापायचं, गाठ पाण्यात किंवा मातीत बुडली पाहिजे, पान मात्र बाहेर. एका काडीला दोन गाठी असल्या तर उत्तम.

आणि नुसतं पान देठासकट पाण्यात ठेवू नका, मनीप्लांटचं नुसतं पान कित्येक महिने हिरवं राहतं, कधी कधी त्याला मुळं पण येतात, पण डोळा नसल्यामुळे त्यातून नवीन वेल कधीच फुटत नाही. स्नेक प्लांट आणि झेडझेड (चकचकीत पानांचं घरातलं झाड) यांचं वेगळं आहे, त्यांच्या पानातूनच नवीन रोप होतं. पण पिवळ्या काठाचं स्नेक प्लांट पानाचे तुकडे करून लावलं तर नवीन पिल्लं साधी हिरवी येतात, तो पिवळा काठ पानाच्या तुकड्यातून पुढे जात नाही. तो पाहिजे असेल तर कुंडीतून बाजूचं पिल्लू मुळासकट वेगळं करा.

उलटी लावलेली काडी ही पण अशीच एक चूक. ड्रेसिनाचं खोड किंवा स्नेक प्लांटच्या पानाचे तुकडे केले की वरची बाजू कुठली खालची कुठली कळत नाही, आणि मुळं फक्त खालच्या बाजूने येतात कारण मुळं फोडणारा ऑक्सिन नावाचा पदार्थ झाडात शेंड्याकडून खाली उतरतो. कापताना प्रत्येक तुकड्याचं खालचं टोक तिरकं कापत जा, मग घोळ होत नाही.

जास्त पानं, जास्त लांबी

लांब काडी म्हणजे लवकर मोठं झाड असं वाटतं पण उलटं होतं. जास्वंदीची फूटभर काडी दहा पानांसकट लावली तर मुळं येण्याच्या आत ती सुकणार. चार ते सहा इंच पुरे, वरची दोन-तीन पानं ठेवा, खालची काढा, पान मोठं असेल तर कात्रीने अर्धं करा, काडीला काही होत नाही. सगळी पानं काढू नका, कारण मुळं बनवायला लागणारं अन्न तीच तयार करतात. कळ्या, फुलं, तुळशीच्या मंजिऱ्या असतील तर त्या आधी खुडा, जीव तुटतो खुडताना मला माहितेय, पण ती फुलं शिदोरी खातात.

माती

आपल्या भागात काड्या कुजतात त्याचं अर्धं कारण कृष्णाकाठची काळी माती आहे, असं माझं अगदी ठाम मत आहे. उसाला ती सोनं आहे पण काडीला फास. पाणी धरून ठेवते, चिकट होते, हवा आत जात नाही आणि सुकली की भेगा पडून नुकतीच आलेली मुळं तुटतात. मुळं फुटायला पाणी लागतं तेवढीच हवा पण लागते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. त्यात आपण आणखी शेणखत घालतो, की झाडाला ताकद यावी! मुळंच नाहीत तर ताकद घेणार कोण? उलट कच्च्या खताने कापलेली जागा कुजते. मुळं येऊन नवीन पान सुटेपर्यंत खत नाही म्हणजे नाही, पाण्यात पण नाही.

मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि निम्मं पर्लाइट (पांढरे हलके दाणे) घेते. पर्लाइट मिळालं नाही तर बांधकामाची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते, पण ती चाळून, दोन-तीन पाण्याने धुवून, बारीक पूड सगळी निघाली पाहिजे नाहीतर ती सिमेंटसारखी बसते. कोकोपीटच्या विटेत पण कधी कधी मीठ असतं, म्हणून भिजवून पिळून पाणी टाकून द्यायचं आणि परत भिजवायचं. ओल किती पाहिजे ते बघायला मूठभर घेऊन घट्ट दाबा, एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर जास्त झालं. काडी लावायला कप कुठलाही चालेल, चहाचा कागदी कप पण, फक्त बुडाला भोकं पाहिजेत. भोक नसलेल्या सुंदर चिनी मातीच्या कपात मी एक आख्खी जेडची फांदी घालवलीय, तिचं अजून वाईट वाटतं.

जेडवरून आठवलं, जेड, स्नेक प्लांट, चाफा असली रसाळ खोडाची झाडं कापल्या कापल्या लावू नका. सावलीत ठेवून कापलेली जागा सुकू द्या, जेडला चार-पाच दिवस, चाफ्याला आठवडाभर. तिथे कोरडी खपली धरली की मग लावा. मनीप्लांट, कोलियस, तुळस यांना हे लागत नाही, ती लगेच.

पाण्यात लावताना

पाण्यात लावायला सोपं कारण मुळं दिसतात. चुका तीनच पण सगळे करतात, पान पाण्यात बुडवणं, पाणी न बदलणं आणि बाटली उन्हात ठेवणं. बुडालेलं पान कुजतं आणि ते कुजलं की सगळं पाणी बिघडतं. पाणी तीन-चार दिवसांनी पूर्ण बदला, नुसती भर घालू नका, कारण साचलेल्या पाण्यातला प्राणवायू कमी झालेला असतो. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर रात्रभर उघड्या भांड्यात ठेवून मग वापरा. बाटलीला आतून हिरवं शेवाळ धरत असेल तर बाहेरून जाड कागद गुंडाळा.

आणि एक, पाण्यात मुळं आली की लोकं ती वीतभर होईपर्यंत तशीच ठेवतात. पाण्यातली मुळं नाजूक असतात, जितकी लांब तितकी मातीत जाताना त्रास. दीड-दोन इंच झाली की कुंडीत हलवा आणि पहिले दहा-पंधरा दिवस माती नेहमीपेक्षा ओलसर ठेवा, कारण त्या मुळांना एकदम कोरडं सहन होत नाही. कुंडी पण छोटीच घ्या, मोठ्या कुंडीतली माती आठ-आठ दिवस ओली राहते.

ऊन आणि दमट हवा

माझी पश्चिमेची गॅलरी एप्रिलमध्ये भट्टी असते, सांगलीचा उन्हाळा काय ते सांगायला नको, आणि तिथे मी पहिल्या वर्षी प्लॅस्टिकची पिशवी घालून काड्या ठेवल्या होत्या, दुपारी चारला बघितलं तर पानं शिजलेली. काडीला उजेड भरपूर पाहिजे पण थेट ऊन नको. पूर्वेच्या खिडकीपासून दोन-तीन फूट आत, किंवा पडद्याआड, ही घरातली सगळ्यात चांगली जागा. फ्रिजवरचा अंधारा कोपरा पण नको, उजेड नसला की पानं अन्न बनवत नाहीत.

दमट हवेसाठी पाण्याची बाटली मधे कापून वरचा भाग कपावर टोपीसारखा बसवा, झाकण रोज दहा मिनिटं उघडा म्हणजे आत बुरशी धरत नाही. ही टोपी जेड आणि कॅक्टसला नको, ती कुजतील. फॅनखाली आणि एसीसमोर काही ठेवू नका. नवीन माणसाने सुरुवात जून-जुलैमध्ये करावी, हवा दमट असते आणि ऊब पण असते, त्यामुळे निम्मं काम आपोआप होतं. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात तीच काडी दुप्पट दिवस घेते, मेली समजून टाकू नका.

रूटिंग पावडर, मध आणि दालचिनी

मध आणि दालचिनीने मुळं येतात असं सगळीकडे सांगतात. दालचिनी बुरशीला थोडी आवरते, पण मुळं फोडत नाही. मुळं फोडायला जी पावडर मिळते त्यात बहुतेक आयबीए असतं, ते ऑक्सिनच्याच जातीचं. गुलाब, जास्वंद, बोगनवेल अशा कडक काडीला त्याचा उपयोग होतो, मनीप्लांट-कोलियसला गरज नाही. चिमूटभर वेगळ्या झाकणात काढून घ्या, काडीचं ओलं टोक त्यात टेकवा आणि झटका. पावडरच्या डबीतच ओली काडी घातली की सगळी डबी खराब, आणि जास्त लावली तर टोक जळतं. गावाकडे काडीच्या वरच्या टोकाला शेणाचा गोळा लावतात ते पण बरोबर आहे, वरची उघडी जागा सुकू नये म्हणून असतं ते, खालच्या टोकाला मात्र लावायचं नाही.

कात्री स्पिरिटने पुसून घ्या. बोथट कात्रीने देठ चेंगरतं आणि चेंगरलेलं आधी कुजतं, त्यापेक्षा नवीन ब्लेड बरं. आणि आईझाड बघून काडी घ्या, देठाच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो मिलीबग आहे, रस शोषणारी कीड, तासगावच्या द्राक्षवाल्याला विचारा तो किती छळतो, तसली काडी घरात आणूच नका.

उपटून बघणं

मुळं आली का बघायला काडी रोज उपटून बघणं, ही चूक मी लहान मुलं आणि मोठी माणसं दोघांत बघितलीय. सुरुवातीची मुळं दोऱ्यापेक्षा बारीक असतात, एका हिसक्यात जातात. अगदी राहवत नसेल तर पारदर्शक कप घ्या म्हणजे बाहेरून दिसेल. अंदाजे दिवस सांगते, उबदार हवेत कोलियस आणि तुळस आठ-दहा दिवस, मनीप्लांट दोन-तीन आठवडे, जास्वंद आणि गुलाब महिना-दीड महिना, स्नेक प्लांटचं पान दोन-तीन महिने, झेडझेडचं पान त्याहून जास्त.

आता बिघडलं तर काय करायचं. देठ खालून मऊ आणि काळं झालं तर लगेच काढा, वरचा कडक हिरवा भाग मिळेपर्यंत कापत जा, गाठ शिल्लक असेल तर नव्या पाण्यात परत लावा, बऱ्याचदा वाचते. सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं पडलं तर घाबरू नका, शिदोरीच वापरतेय ती, पण शेंडा मऊ पडला तर गडबड आहे. पाण्यातल्या देठावर पांढरे बारीक फोड आले तर ती बुरशी नाही, ते फोड खरवडायचे नाहीत, बरेचदा त्यानंतर मुळंच येतात. बुरशी बुळबुळीत असते, हाताला चिकटते. नवी पालवी आली म्हणून मुळं आली असं पण समजू नका, गुलाबाची काडी शिदोरीवर पालवी फोडते आणि पंधरा दिवसांनी एकदम सुकते, म्हणून पालवी दिसली तरी टोपी काढायची घाई नको. कुंडीत हलवल्यावर मान टाकली तर पाणी ओतत बसू नका, सावलीत ठेवा आणि दोन-तीन दिवस ती बाटलीची टोपी परत घाला.

लावताना एकाच जातीच्या तीन-चार काड्या लावा, सगळं बरोबर केलं तरी एखादी जातेच. माझं झेडझेडचं एक पान गेल्या पावसाळ्यात कपात लावलं होतं, सहा महिने वर काहीच नाही, मामा प्रत्येक वेळी यायचे आणि विचारायचे "अजून टाकलं न्हाईस व्हय ते?" पान हिरवं आणि कडक होतं म्हणून मी ठेवलं. जानेवारीत कपाच्या बुडाच्या भोकातून एक पांढरं मूळ बाहेर आलेलं दिसलं, हळूच उपसलं तर देठाखाली हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा कंद तयार झाला होता. परत तसंच लावून ठेवलं, कोंब वर यायला मे महिना उजाडला.