इंडेक्स होता, तरी क्वेरी रात्रभर चालली

जॉइन आणि इंडेक्स तुम्हाला माहीत आहेत असं धरून लिहितेय.

नोकरीचा तिसरा महिना. आमच्या पावत्यांचं एक टेबल, बँकेकडून आलेल्या नोंदींचं दुसरं, दोन्हींत पाचेक लाख ओळी. ज्या पावतीचे पैसे बँकेत दिसत नाहीत, त्या शोधायच्या. पावती क्रमांकावर लेफ्ट जॉइन, डेटाबेस मायएसक्यूएल ५.७. रात्री आठला लावलेली क्वेरी सकाळी डबा घेऊन आले तरी चालूच!

सीनियर खुर्चीतून न उठता म्हणाले, "इंडेक्स टाक." अहो, होता की. दोन्हीकडे होता. मी तो काढून परत टाकला, वर जास्त रॅमही मागितली. (शेजारी बसून एक्सप्लेन, म्हणजे डेटाबेस क्वेरी कशी चालवणार त्याचा आराखडा, वाचायला लावणारा माणूस मिळाला तर सोडू नका. तयार क्वेरी पाठवणारे खूप भेटतात.)

एक्सप्लेनमध्ये बँकेच्या टेबलापुढे 'टाइप' ऑल, 'की' नल, म्हणजे अख्खं टेबल वाचणार, इंडेक्स वापरणार नाही. लगेच शो वॉर्निंग्ज चालवलं असतं तर कारणही तिथेच दिसलं असतं. आमच्याकडे क्रमांक बिगइंट, म्हणजे पूर्णांक. बँकेची फाइल एक्सेलमधून चढवलेली, म्हणून तिकडे व्हारचार, म्हणजे अक्षरं. दिसायला दोन्हीकडे ४५१२च. पण आकडा आणि अक्षरं समोरासमोर आली की मायएसक्यूएल दोन्ही फ्लोट (दशांश आकडा) करून ताडून बघतं. '४५१२', '०४५१२' आणि पुढे स्पेस असलेलं ' ४५१२', तिघांची किंमत एकच. अक्षरांच्या क्रमाने लावलेल्या इंडेक्समध्ये मात्र तिघं तीन टोकांना. मग त्या इंडेक्समध्ये शोधायचं कुठे? म्हणून प्रत्येक पावतीसाठी बँकेचं अख्खं टेबल. पाच लाख गुणिले पाच लाख, म्हणजे २५ हजार कोटी तुलना. क्रमांक सतरा आकडी असेल तर आणखी वाईट: शेवटच्या आकड्यातला फरक गिळला जाऊन भलत्याच पावत्या जुळू शकतात.

घाबरू नका, उपाय अर्ध्या तासाचा आहे. बँकेच्या कॉलममधला कचरा साफ करा, मग अल्टर टेबल करून तोही बिगइंट करा. माझी क्वेरी सात सेकंदांत आली. अल्टरची परवानगी नसेल तर कास्ट (इथे आकड्याची अक्षरं करणं) आपल्या पावतीच्या बाजूला लावा. ज्या कॉलमचा इंडेक्स हवाय त्याला हात लावायचा नाही. पुढची शून्यं तेवढी सांभाळा, अक्षरं म्हणून '०४५१२' आणि '४५१२' जुळत नाहीत.

आणि नॉट इनचा शॉर्टकट कुणी सुचवला तर ऐकू नका, नॉट एक्झिस्ट्स लिहा. आतल्या यादीत एक जरी नल (रिकामी किंमत) असला तरी उत्तर शून्य ओळी. त्या शून्य ओळी बघूनच मी "सगळं जुळलं" असा मेल टाकला होता. साहेबांचं एका शब्दात उत्तर आलं: "सगळंच?"